तळमजल्यावरची वाळवी: मुलुंडच्या घरातल्या दोन वर्षांच्या नोंदी

घर मुलुंड पूर्वेला, तळमजल्यावर. इमारत १९७८ ची. पलीकडे मिठागरं, त्यामुळे जमीन सखल आणि वर्षातले आठ महिने ओलसर. घरात आई, मी आणि माझी मुलगी. या नोंदी आधी मी स्वतःसाठी वहीत ठेवत होते. आमच्याच इमारतीतल्या तीन घरांनी तेच प्रश्न विचारले, म्हणून आता नीट लिहून काढल्या आहेत. आकडे खरे आहेत, चुकाही सगळ्या ठेवल्या आहेत.

२६ जून २०२३

काल मुंबईत पाऊस आला. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाली वाळवी जमली. दरवर्षी जमते, आपण दिवे मालवून बसतो. या वेळी एक गोष्ट खटकली. खिडक्या बंद होत्या, तरी कमी होईनात. टॉर्च घेऊन शोधलं, तर बाथरूमच्या दाराच्या चौकटीत आणि लादीत जी फट आहे, तिच्यातून एकामागून एक बाहेर पडत होत्या. म्हणजे बाहेरून आत येत नव्हत्या, घरातूनच निघत होत्या.

पंखवाल्या मुंग्याही याच दिवसांत निघतात, म्हणून सकाळी केरात पडलेल्या दोन-चार नीट पाहिल्या. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड, म्हणजे वाळवी. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे.

पंख झाडून टाकले, फिनेलने फरशी पुसली. एवढ्यावर सोडलं, ही पहिली चूक.

२ जुलै २०२३

फ्रिज पुढे ओढला. मागच्या भिंतीवर लादीपासून स्विचबोर्डापर्यंत मातीची रेघ. पेन्सिलीएवढी जाड, वेडीवाकडी. दुसरी रेघ बाथरूमशेजारच्या भिंतीतल्या कपाटात शिरलेली.

स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही रेघा खरवडून काढल्या आणि झुरळांच्या स्प्रेचे दोन डबे संपवले. ४६० रुपये. रात्री झोप चांगली लागली.

असं कुणीही करू नका. बाजारातल्या स्प्रेचा वास वाळवीला नकोसा होतो, ती तेवढी जागा सोडते आणि दुसरीकडून वाट काढते. मातीची रेघ म्हणजे तिने बांधलेली पोकळ नळी, हा तिचा माग आहे. तो आपणच पुसला, तर ती कुठून येते हे औषधवाल्यालाही कळत नाही.

१६ जुलै २०२३

दोन आठवडे काही दिसलं नाही. आज ओट्याखालच्या ट्रॉलीच्या मागे नवी रेघ दिसली, म्हणून धसका घेऊन भिंतीतलं कपाट पूर्ण रिकामं केलं.

कपाटाचा प्लाय बाहेरून धडधाकट होता, सनमायका चकचकीत. अंगठ्याने दाबला, तर अंगठा आत गेला. खालच्या कप्प्यात आईची विणकामाच्या नमुन्यांची वही होती. १९८१ पासूनचे स्वेटर, टोपडी, मोजे सगळे त्यात लिहिलेले. वहीला प्लास्टिकचं कव्हर होतं, तेवढं शाबूत. उघडली तर आत पानांच्या जागी ओलसर माती भरलेली आणि कडेला दोन-दोन बोटं कागद उरलेला. एका पट्टीवर आईच्या अक्षरात 'दोन सुलट, दोन उलट, मग एक घर' एवढंच वाचता आलं. पुढचं खाल्लेलं. आईने ती पट्टी वर्तमानपत्रावर ठेवली, माती फुंकली आणि आत जाऊन पडून राहिली.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही त्याच कप्प्यात होतं. त्याचा वरचा अर्धा भाग गेला. दुय्यम प्रत काढण्याचं काम वेगळंच सुरू झालं, त्यावर इथे लिहीत नाही. एवढं मात्र सांगते: तळमजल्यावर राहात असाल तर महत्त्वाचे कागद जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकणाऱ्या पत्र्याच्या कपाटात ठेवा. मी आज ठेवले.

५ ऑगस्ट २०२३

तिघांकडून दर काढले. एक २,८०० रुपये, एक ९,५००, एक १४,०००. कपाटाचा खर्च डोळ्यांपुढे होता, म्हणून सगळ्यात स्वस्त घेतला. एक माणूस पंप घेऊन आला, स्कर्टिंगच्या कडेने दुधासारखं पांढरं पाणी फवारलं आणि चाळीस मिनिटांत गेला. घरात दोन दिवस उग्र वास. आईला दमा आहे, तिला ठाण्याला मावशीकडे पाठवावं लागलं.

तेव्हा मला फरक माहीत नव्हता. ही वाळवी जमिनीतून येते. लादीवर फवारलेलं औषध लादीवरच राहतं. ती तर लादीखालच्या मातीतून, भिंतीच्या पोटातून चालते.

२४ सप्टेंबर २०२३

पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन काल झालं. मखर दिवाणात परत ठेवायला गेले, तर दिवाणाच्या मागच्या फळीवर ताजी, ओली रेघ. २,८०० रुपये पाण्यात. फोन केला तर 'फवारणीला वॉरंटी नसते ताई' हे उत्तर. बिलावरही तसंच लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

या वेळी रेघेला हात लावला नाही.

८ आणि ९ ऑक्टोबर २०२३

९,५०० वाल्यांना बोलावलं. ड्रिल करून औषध, तीन वर्षांची लेखी वॉरंटी. आधी वाचून ठेवलं होतं. बांधून झालेल्या इमारतींतल्या वाळवीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, भाग ३. त्याप्रमाणे भिंत आणि लादी जिथे मिळतात तिथे दर ३०० मिलिमीटरवर, म्हणजे साधारण फुटाफुटावर, १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि प्रत्येक भोकात मावेल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर औषध सोडायचं.

औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के ठरलं होतं. बाटलीवरचं प्रमाण ५ लिटर पाण्याला १०.५ मिली. याला वास जवळजवळ नसतो. वाळवीला ते कळतही नाही, ती त्यातून जाते आणि इतरांपर्यंत पोचवते. म्हणूनच माग पुसायचा नसतो आणि वर झुरळांचा स्प्रेही मारायचा नसतो.

सकाळी नऊला दोन मुलं आली. खोल्यांच्या सगळ्या कडांना मिळून १३२ भोकं झाली, मी खडूने आकडे टाकत गेले. मग हिशेब मांडला. १३२ भोकं म्हणजे जास्तीत जास्त १३२ लिटर, म्हणजे साधारण २७७ मिली औषध. मुलांच्या पिशवीत १०० मिलीची एकच बाटली, तीत जेमतेम ४७ लिटर होतात. विचारलं तेव्हा त्यातला मोठा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "ताई, आम्हाला एका घराला एवढंच देतात." त्याच्यावर राग नव्हता. काम थांबवलं, ऑफिसला फोन केला, हिशेब वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन सीलबंद बाटल्या आल्या, माझ्यासमोर फोडल्या, बादलीत मोजून मिसळल्या. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली.

या कामात हातात धरण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे भोकं मोजणं आणि लिटर मोजणं. बाकी सगळं लादीखाली जातं, दिसत नाही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. ड्रिल मारताना सगळीकडे राखाडी, कोरडा चुरा बाहेर येत होता. बाथरूमच्या भिंतीलगतच्या तीन भोकांतून मात्र काळा चिखल आला, ड्रिलच्या पात्याला लोण्यासारखा चिकटलेला. मुलाने तो बोटाने पुसून मला दाखवला. मी म्हटलं, तळमजला आहे, ओल असणारच. भोक क्रमांक ८७, ८८, ८९. खडूचे आकडे फोटोत अजून आहेत.

१८ फेब्रुवारी २०२४

चार महिने शांतता. आज बाथरूमच्या चौकटीवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकत गेले. वर खणखणीत आवाज, खाली दीड फूट पोकळ. टोक टोचलं, आत गेलं, बाहेर काढल्यावर टोकाला दोन पांढऱ्या आळ्यांसारख्या वाळव्या.

वॉरंटीत माणूस आला, हाच तो मोठा मुलगा. पुन्हा औषध सोडायला तयार होता, पण आधी त्याने हात भिंतीवर ठेवला आणि म्हणाला, "ताई, मी मागे चिखल दाखवला होता. भिंतीतच पाणी मिळत असेल तर तिला खाली जमिनीत जायची गरजच नाही. आम्ही खाली कितीही सोडलं तरी वर ती जगेल."

चार महिने मी औषधाच्या भरवशावर बसले होते.

३ ते २३ मार्च २०२४

प्लंबरने आधी नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायची जागा, बुजवून बाथरूममध्ये रंगीत पाणी साठवलं. चोवीस तास पातळी उतरली नाही, बाहेर रंगही आला नाही. म्हणजे फरशी ठीक. मग गीझरला जाणारा भिंतीतला जुना लोखंडी पाइप उघडा केला. कोपऱ्यातल्या एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणाच्या सांध्यावर, गंज, तिथून बारीक पाझर. थेंबही नाही, नुसती घामासारखी ओल. किती वर्षं, कुणास ठाऊक. खालच्या विटा हाताने कुस्करत होत्या.

चौकट काढली. १९७८ चं सागवान, पण तिचे पाय लादीच्या दोन इंच खाली, थेट कोब्यात पुरलेले. जुन्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी असंच असतं. लाकडाचा पाय ओल्या जमिनीत म्हणजे वाळवीला जिनाच बांधून दिला. सागाचा मधला गाभा बऱ्यापैकी टिकला होता. कडेचं पांढरं लाकूड, ज्याला सुतार कच्चं म्हणतात, ते पूर्ण गेलेलं. चौकटीच्या मागच्या पोकळीत पुठ्ठ्याच्या थरांसारखा तपकिरी लगदा भरलेला, मूठभर नव्हे, अर्धी बादली. आत हजारो. गवंड्याने फावड्याने गोणीत भरला आणि औषधात बुडवला.

सगळे पाइप बदलून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे केले आणि भिंतीच्या बाहेरून घेतले. दिसायला बरे दिसत नाहीत, पण पुन्हा पाझर झाला तर त्याच दिवशी दिसेल. लादी उकललेली असताना खालच्या मातीत आणि भिंतीच्या पायथ्याशी औषध मारून घेतलं. ही संधी पुन्हा येत नाही. मग वॉटरप्रूफिंग, दोन दिवस पाणी साठवून तपासणी आणि मगच लादी. चौकट आता ग्रॅनाइटची, दार पीव्हीसीचं.

७८,००० रुपये. आठवडा म्हणाले होते, तीन आठवडे लागले. शेजारच्या काकूंनी त्यांचं बाथरूम वापरू दिलं, नाहीतर आईला घेऊन कुठे गेले असते.

२८ एप्रिल २०२४

घर झालं, पण बाहेरचं? आमच्या मागच्या भिंतीला लागून नारळाचं खोड होतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाड पडलं, वरचं उचललं, बुंधा तसाच राहिला. त्याच्यावर सोसायटीची जुनी दारं रचून ठेवलेली. बुंध्याला लाथ मारली की वाळवी दिसत होती.

सभेत विषय काढला. पहिला प्रश्न अपेक्षित होता: एका घरात वाळवी, खर्च सगळ्यांनी का करायचा? मी वाद घातला नाही. तळमजल्याच्या दोन शेजाऱ्यांना टॉर्च घेऊन त्यांच्याच घरातल्या बाथरूमच्या चौकटी ठोकायला लावल्या. दोन्ही पोकळ. तिसऱ्या घरात मीटरच्या फळीमागे रेघ. पुढच्या सभेत ठराव एकमताने झाला.

आज काम झालं. बुंधा मुळासकट खणून काढला, दारं भंगारात दिली. इमारतीभोवतीचे पेव्हर ब्लॉक भिंतीलगत एक रांग उचलून माती उघडी केली, लोखंडी सळईने भोकं पाडून औषध सोडलं, ब्लॉक परत बसवले. सगळं मिळून ३५,५०० रुपये, सोसायटीच्या निधीतून.

एक बाजू मुद्दाम सोडली. तिथे पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी आहे, भिंतीपासून आठ फुटांवर. माणूस म्हणत होता काही होत नाही. मी आणि सेक्रेटरींनी ऐकलं नाही. विहीर किंवा टाकी जवळ असेल तर तिथे जमिनीत औषध सोडू देऊ नका. त्या बाजूला फक्त डोळ्यांनी पाहणी करायची, असं ठरवलं.

९ जून २०२४

आज पाऊस मुंबईत दाखल. संध्याकाळी पूर्ण घरात अंधार केला, बाथरूमच्या कोपऱ्यात एक बल्ब आणि खाली पाण्याचं ताट. तासभर बसले. ताटात काही नाही. बाहेर जिन्यातल्या दिव्याला मात्र भरपूर होत्या, त्या येतच राहणार.

ऑगस्ट २०२४

भिंतीतलं कपाट नव्याने केलं. सुतारकाकांशी दोन दिवस चर्चा. त्यांचं म्हणणं, मरीन प्लाय घ्या, त्याला वाळवी लागत नाही. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०, त्या मानकाचा चांगला प्लाय प्रक्रिया केलेला असतो, हे खरं. पण करवतीने कापला की कडेचा आतला भाग उघडा पडतो आणि वाळवी कडेनेच शिरते. म्हणून प्रत्येक कापलेल्या कडेला, प्रत्येक स्क्रूच्या भोकाला लाकडाचं वाळवीरोधक औषध ब्रशने दोन हात लावून घेतलं, मगच लिपिंग, म्हणजे कडेवरची पट्टी. काकांना हे वेळखाऊ वाटलं, दीड दिवस जास्त गेला. मजुरी जास्त दिली.

कपाट आता भिंतीत नाही. कोनाडा सिमेंटने बंद केला. नवं कपाट चार इंच उंच अॅल्युमिनियमच्या पायांवर, मागच्या भिंतीपासून दीड इंच सुटं. वाळवी आली तरी तिला उघड्यावरून मातीची नळी बांधत यावं लागेल आणि ती मला टॉर्चने दिसेल. तळमजल्यावरच्या घरात लाकूडकामाचा हा एक नियम मी आता कुणालाही सांगते. बंद पाठ आणि पायाशी लाकडी स्कर्टिंग नको, मग प्लाय कितीही महाग असो.

४१,००० रुपये.

२६ मे २०२५

पाऊस आज आला. मुंबईत नोंदी आहेत तेव्हापासून इतक्या लवकर कधीच आला नव्हता, नेहमीची तारीख ११ जून. माझी पावसाआधीची पाहणी १ जूनला ठरलेली, म्हणजे हुकलीच. पुढच्या वर्षीपासून ती मे महिन्याच्या पहिल्या रविवारी.

रात्री हॉलमध्ये अकरा पंख सापडले. पोटात गोळा आला. बाथरूम, कपाट, ओटा, सगळं कोरडं. शेवटी मुलीला सापडलं. मुख्य दाराशेजारी चपलांचं लाकडी स्टँड, त्याच्यामागे दोन फुटांची रेघ. स्टँड भिंतीला टेकलेलं, वर पावसाळी छत्र्या ओल्याच ठेवलेल्या. ही बाजू टाकीची. बाहेरून औषध न सोडलेली तीच.

रेघ खरवडली नाही. मधोमध फक्त एक इंच तोडली, बाजूला पेन्सिलीने तारीख घातली. संध्याकाळी पाहिलं, तोडलेला इंच ओल्या, गडद मातीने पुन्हा बांधलेला. म्हणजे आत जिवंत आहे.

३१ मे २०२५

वॉरंटीतून माणूस आला. टाकीची बाजू म्हणून जमिनीत नाही, फक्त भिंतीच्या आत, रेघेच्या दोन्ही बाजूंना सहा छोटी भोकं, थोडंसं औषध. पैसे लागले नाहीत. वॉरंटीचा कागद आता पत्र्याच्या कपाटात असतो. लाकडी स्टँड काढून टाकलं, लोखंडी जाळीचं आणलं. छत्र्या बाहेर.

२२ जून २०२५

गेल्या आठवड्यात रेघेचा दुसरा एक इंच तोडला होता. आज आठ दिवस झाले, तसाच उघडा आहे. काडीने आत पाहिलं, माती कोरडी, भुरभुरीत, आत कुणी नाही. आता रेघ पुसली आणि भिंतीला चुना लावला. पेन्सिलीची तारीख ठेवली आहे.

माझा आजवरचा खर्च १,३१,७६० रुपये. त्यातले ३,२६० स्प्रे आणि फवारणीचे, म्हणजे वाया. बाथरूमचे ७८,००० ऑक्टोबर २०२३ मध्येच, चिखल दिसला तेव्हा केले असते, तर चौकटीमागचं वारूळ एवढं वाढलं नसतं आणि हिवाळ्याचे चार महिने वाचले असते.

आईने विणकामाची नवी वही सुरू केली आहे. आठवेल तेवढे नमुने लिहिते, रोज एक. पत्र्याच्या कपाटात वरच्या कप्प्यात जागा केली. पुढची पाहणी २४ ऑगस्टला, गणपती २७ ला आहेत त्याआधी.